नवऱ्याकडचा गाल

आमच्या धंद्यात बाईचं वय जबड्याच्या कडेवरून ओळखतात. केस रंगवता येतात, डोळ्यांखालचं काळं झाकता येतं. पण जबड्याची कडा एकदा सैल पडली, की ती गावभर जन्मतारीख सांगत सुटते. सोलच्या सिन्सा भागात, एका चिंचोळ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर डॉक्टर मिन यांचं त्वचेचं क्लिनिक आहे. तिथे येणाऱ्या बायकांना आधी माझ्यासमोर बसवतात. त्यांना खरं काय हवंय ते मी काढून घेते, आणि त्यातलं काय होणार नाही ते गोड बोलून सांगते. माझं नाव उंजू. वीसेक वर्षं गाल बघण्यात गेली, त्यामुळे गालांबद्दल मला नवीन कुणी काही दाखवेल असं वाटत नव्हतं. मग मालजा मावशी चौथ्या मजल्यावर आली.

मावशीची खानावळ आमच्या इमारतीच्या मागच्या बोळात, तळघरात. तिथे काय मिळतं असं विचारायची सोय नाही. ती देईल ते खायचं. सोमवारी बहुधा सुक्या माशाचं सार, कारण रविवारी रात्री सिन्सातले लोक किती पितात हे तिला पाठ आहे. सहा बहिणींवर सातवी झाली तेव्हा बापानं वैतागून 'मालजा' नाव ठेवलं. पुरे झाल्या मुली, असा त्याचा अर्थ. "बापाचं देवानं ऐकलं," मावशी म्हणायची, "माझ्यानंतर मुलगी झाली नाही. मुलगाही झाला नाही. आईनं बापाला खोलीतच घेतलं नाही."

शहात्तर वर्षांची बाई, पण भाताचं पातेलं एकटी उचलायची. चेहरा मात्र वयाच्याही पुढे गेलेला. तरुणपण पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलं, गोजिन बंदरात. भर हिवाळ्यात, बर्फाच्या वाऱ्यात उभं राहून मासे चिरायचे आणि लाकडी मांडवांवर वाळत टाकायचे. मासे वाळायचे तशी टाकणाऱ्यांची तोंडंही वाळायची. धंद्याच्या सवयीनं मी जेवता जेवता तिच्या गालांवर हिशेब मांडायची, कुठे काय करता येईल, आणि दर वेळी सोडून द्यायची. काही घरांना रंग काढून चालत नाही, पायापासून हात घालावा लागतो.

त्या वर्षी वसंतात डॉक्टर मिन नवं यंत्र घ्यायच्या विचारात होत्या. दोन कंपन्यांची माणसं आली, खरबुजांच्या पेट्या देऊन, कमरेत वाकून, आपापली यंत्रं वापरून बघायला ठेवून गेली. दोन्ही यंत्रं रेडिओलहरींची. लहरी कातडीच्या आत शिरतात, खालचा थर तापवतात, तापलेला थर आकसतो, आणि पुढचे दोन-तीन महिने तिथे हळूहळू नवे धागे विणले जातात. वरच्या कातडीला मात्र झळ लागू द्यायची नाही. आतून भाजायचं आणि वरून जपायचं, कसब एवढंच.

आमच्या नर्सनी पहिल्याच दिवशी यंत्रांची बारशी उरकली. राखाडी यंत्र टेकवलं की आधी गार फवारा, मग आत खोलवर एक चटका, पुन्हा फवारा. मग पुढची जागा, पुन्हा चटका. ती सासू. दुसरं पांढरं, गोलसर. गालावर जेल लावून ते इस्त्रीसारखं फिरवत राहायचं, ऊब चढत जाते, पडद्यावर तापमान दिसतं, माणूस पेंगायला लागतो. ती सून. सासूचा विक्रेता म्हणे, जे लागत नाही ते लागूही पडत नाही. सुनेचा विक्रेता म्हणे, ज्या यंत्राला गिऱ्हाईक पुन्हा येत नाही ते काय कामाचं. दोघंही खरं बोलत होते, म्हणून डॉक्टर वैतागल्या होत्या.

डॉक्टर मिन यांची रीत अशी, की कंपनीचे कागद वाचायचे, पण विश्वास अर्ध्या तोंडावर ठेवायचा. एकाच माणसाच्या एका गालावर एक यंत्र, दुसऱ्यावर दुसरं. मग त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, केसांना पट्टी बांधून, महिन्यामहिन्याला फोटो. तुलना हवी तर चेहरा एकच हवा. पण त्यांनी ही परीक्षा केली कुणावर, तर आमच्या नर्सवर. पंचविशी-तिशीच्या पोरी. सपाट जमिनीवर नांगर चालला काय आणि न चालला काय. दोन्ही गाल आधीसारखेच गुळगुळीत.

हे रडगाणं डॉक्टर एका सोमवारी खानावळीत गात होत्या.

"सुरकुत्या असलेला चेहरा हवाय मला," त्या म्हणाल्या. "पण ज्यांना सुरकुत्या आहेत त्यांना दोन्ही गाल सारखे हवेत. अर्धं तोंड कोण देणार?"

मावशी मुळा किसत होती. किसणी थांबली.

"मग हा काय भिंतीला लावलाय?" ती म्हणाली आणि स्वतःच्या गालावर ओल्या बोटानं टिचकी मारली.

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"थट्टा नाही, डॉक्टरीणबाई. तुम्हाला तोंड हवंय, मला तोंड हवंय. फुकटात नको, उपकारही नको. अदलाबदल."

मग तिनं हात पुसले, आमच्यासमोर बसली आणि सांगितलं. मी तिच्याकडे इतकी वर्षं जेवत होते, पण हे मला माहीत नव्हतं.

तिचा नवरा चांगबे मासेमारीच्या बोटीवर होता. तो अठ्ठावीस वर्षांचा असताना बोट गेली ती आली नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून मरणाची तारीख नाही; ज्या दिवशी बोट बंदरातून निघाली तोच दिवस धरून दर वर्षी त्याचं पान मांडतात. मागे राहिला एकच फोटो, खलाशाच्या ओळखपत्रासाठी काढलेला. तो मोठा करून चौकटीत घातला. पन्नास वर्षं तोच फोटो पितरांच्या ताटामागे उभा असतो. मुलगा जंगथे तेव्हा रांगत होता. आता तो बस चालवतो, डोक्याला टक्कल पडलंय, आणि दर वर्षी आपल्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान बापापुढे कपाळ टेकवतो.

"गेल्या नवीन वर्षाच्या सकाळी," मावशी म्हणाली, "जंगथेची धाकटी आहे ना, सोयुल, उशिरा झालेली, ती फोटोकडे बघून मला म्हणते, 'आजी, हा तुझा मुलगा का गं? मेला का?'"

"लहान आहे ती," मी म्हटलं.

"लहान आहे म्हणून खरं बोलली. सगळे हसले, मीही हसले. पण विचार कर उंजू. आज ना उद्या मी जाणार. मग त्याच्या शेजारी माझा फोटो लागणार. दर वर्षी, दर सणाला, दोघं शेजारीशेजारी. नवी सून येईल, तिला वाटेल आई आणि लेक. त्या पोराच्या आईसारखी मी जन्मभर त्याच्या शेजारी उभी राहू? जन्मभर म्हणजे काय, मेल्यानंतरचा जन्मभर. त्याला अंत आहे का?"

आमच्याकडे म्हातारी माणसं आपला तो शेवटचा फोटो धडधाकट असतानाच काढून ठेवतात. त्याला दीर्घायुष्याचा फोटो म्हणतात, म्हणजे काढायला जाताना कुणाचा पाय अडखळत नाही. मावशी तशी जाऊन आली होती. बोळाच्या तोंडाशी हानचा फोटो स्टुडिओ आहे. हान म्हणाला, काळजी कशाला, कंप्युटरवर सगळं पुसून देतो. आणि पुसून दाखवलंसुद्धा.

"सोललेलं उकडलेलं अंडं," मावशी म्हणाली. "त्यावर डोळे काढलेले. मी त्याला म्हटलं, बाबा रे, ही बाई कोण? मलाच ओळख पटेना, तर त्याला कशी पटणार? मला माझंच तोंड हवंय. फक्त थोडं अलीकडचं."

डॉक्टर मिन सरळ बोलणाऱ्या बाई. "पन्नास वर्षं काही परत येणार नाहीत, मावशी. झालंच तर पाच-सहा."

"आली तितकी आली. मला काय नवरी व्हायचंय? त्याची आई दिसायला नको, इतकंच. थोरली बहीण चालेल."

तिचं हृदय तपासलं, अंगात कुठे धातू बसवलेला नाही ना ते विचारलं, आणि मे महिन्यात एका दुपारी भांडी आटोपून मालजा मावशी चौथ्या मजल्यावर आली. काखेत रेशमी कापडात गुंडाळलेली चौकट होती.

"कुठला गाल कुठल्या यंत्राला?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच ठरवायला याला आणलाय." तिनं गाठ सोडली.

पहिल्यांदाच मी चांगबेला पाहिलं. पोरगाच तो. कॅमेऱ्यासमोर खूप करारी दिसायचं ठरवून आलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं. शर्टाच्या कॉलरचं एक टोक वर उचललेलं.

"फोटो काढायला निघाला तेव्हाच सांगितलं होतं, कॉलर नीट कर," मावशी म्हणाली. "ऐकतो कोण. आता काचेतून हात कसा घालू?"

मग तिनं आम्हाला कामाला लावलं. पितरांच्या मांडणीत समोरून बघताना डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, ही रीत कुणी मोडत नाही. तिनं मला मोठ्या आरशाच्या डावीकडे चौकट धरून उभं केलं, स्वतः आरशासमोर उभी राहिली, आणि एकदा त्याच्याकडे, एकदा स्वतःकडे बघत राहिली.

"हा," ती म्हणाली आणि आरशात त्याच्या बाजूला दिसणाऱ्या गालावर, म्हणजे डाव्या, हात ठेवला. "हा नवऱ्याकडचा गाल. याला जोरकस यंत्र लावा. इकडचा उजवा भिंतीकडे जाणार, त्याला काहीही लावा."

"सासू नवऱ्याच्या बाजूला?" नर्स म्हणाली.

"सासू नेहमी नवऱ्याच्याच बाजूला असते गं," मावशी म्हणाली, आणि आडवी झाली.

पाठीला पट्टी चिकटवली. आत शिरलेला प्रवाह तिथून परत जातो. बधिरीचं मलम लावून पुसलं. डाव्या गालावर चौकटींची जाळी उमटवली, म्हणजे कुठली जागा झाली आणि कुठली राहिली ते कळावं. मावशीनं आरसा मागून तोंड बघितलं आणि म्हणाली, बापाला चौकटींच्या पटावर बादुक खेळायचा भारी नाद, त्याला आत्ता ही लेक आवडली असती.

सासूचं एक आहे. ती आत किती तापली हे बाहेरून नक्की कळत नाही. गालाच्या मालकिणीनं सांगायचं असतं. म्हणून आम्ही पूर्ण भूल देत नाही. दर चटक्यागणिक डॉक्टर विचारतात, दहापैकी किती? सहा-सात आलं की उष्णता हवी तिथे पोचली. आठ आलं की खाली यायचं. आमच्या गिऱ्हाइकांत पहिल्याच चटक्याला 'अकरा' म्हणणाऱ्या बायका आहेत.

"किती?"

"दोन."

डॉक्टरांनी एक पायरी चढवली. फवारा, चटका, फवारा.

"किती?"

"दोन."

आणखी एक पायरी. "आता?"

"दोनच. चालू द्या."

मी तिचा हात धरून उभी होते. हात सैल, अगदी झोपलेल्या माणसासारखा. म्हातारीची कातडी जाड असेल, असंच मला वाटलं. मग सहज माझी नजर पांघरुणाच्या टोकाकडे गेली. पायांची दहाही बोटं आत इतकी मुडपली होती की सांधे पांढरे पडले होते.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं.

गाल नको तितका लाल झाला होता. डॉक्टरांनी गार पट्टी ठेवली, हातातलं खाली ठेवलं, आणि स्टूल ओढून तिच्या तोंडाजवळ बसल्या. डॉक्टर मिन चिडल्या की आवाज खाली जातो.

"मावशी, हे यंत्र आंधळं आहे आणि मीही आंधळी आहे. आत काय होतंय ते एकट्या तुम्हाला कळतं. तुम्ही खोटं सांगितलंत तर मी तुमचा गाल जाळीन."

"जास्त तापलं तर जास्त ताणेल ना?"

"जास्त तापलं तर फोड येईल. मग बसा मेल्यानंतरचा जन्मभर, नवऱ्याकडे फोड करून."

हे तिला लागलं. ती छताकडे बघत राहिली.

"मग काय म्हणू?"

"लागेल ते. पाच तर पाच, आठ तर आठ."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"बाहेर माणसं बसलीत."

मी दार लावून घेतलं. खरंच सांगते, अंगावरचे कपडे उतरवायला सांगितले असते तरी ती इतकी अवघडली नसती. बाळंतपणात ओरडली नाही म्हणून सासरच्यांनी वाखाणलेली बाई ती. दुखतंय म्हणायचं, तेही आकडा लावून, तेही दुसऱ्याच्या तोंडावर, हे तिच्या पिढीला कुणी शिकवलंच नव्हतं.

उष्णता खाली आणून डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली.

"किती?"

तिनं घसा साफ केला. "तीन."

"आता?"

"चार... नाही. पाच."

आकडे नवीनच शिकणाऱ्या पोरासारखा आवाज होता तिचा. पण एकेका आकड्याबरोबर पायाची बोटं सुटत गेली, मी बघत होते. हात मात्र आवळायला लागला. इतका, की माझी अंगठी रुतली. यंत्र गालावरून जबड्याच्या हाडाकडे सरकलं, तिथे सगळ्यात जास्त लागतं. "सहा," ती म्हणाली. "सात." मग "आठ", आणि डॉक्टरांनी लगेच हात उचलला, पायरी उतरवायला यंत्राकडे वळल्या.

"दहा," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी मागे वळून बघितलं. "मावशी, मी अजून टेकवलंच नाही."

"माहितेय मला."

मावशी छताकडे बघत बोलायला लागली, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तशी.

"बोट आली नाही तेव्हा आम्ही सगळ्या धक्क्यावर उभ्या होतो. सासूनं माझा दंड धरला आणि म्हणाली, रडायचं नाही. प्रेत दिसेपर्यंत जी रडते ती समुद्राला होकार देते. म्हणून मी रडले नाही. बाकीच्यांची सापडली, एकेक करून. त्या रडल्या. माझा सापडला नाही. मग माझी पाळीच आली नाही. मग मासे आले. मासे वाट बघत नाहीत. जंगथेला पाठीशी बांधलं आणि चिरायला गेले."

डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून कानांत शिरत होतं. नर्स पुसायला पुढे झाली, डॉक्टरांनी तिला मानेनंच नको म्हटलं. ज्यांचे दर तासाला पैसे मोजले जातात अशा त्या डॉक्टर हातात यंत्र धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आमच्या खोलीत बायका रडतात, मी खूप पाहिल्यात. नवऱ्याच्या नजरेसाठी रडतात, पोटच्या मुलीशी बरोबरी होत नाही म्हणून रडतात. पण पन्नास वर्षं आपली पाळी यायची वाट बघत रांगेत उभं राहिलेलं रडू मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्रासमोर उभं राहिल्यावर जसं आपण किती लहान आहोत ते कळतं, तशी मी त्या पलंगाशेजारी उभी होते.

"हं," जरा वेळानं मावशी म्हणाली, "लावा आता."

फवारा, चटका, फवारा. जबड्याची तीच जागा.

"किती?"

"पाच," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या पायांकडे बघितलं. बोटं सरळ होती.

उजव्या गालावर सून फिरायला लागली आणि मावशी चक्क घोरायला लागली.

पुढे उन्हाळाभर दर महिन्याला ती येऊन त्या खुर्चीत बसायची, फोटो काढून घ्यायची आणि सार ऊतू जाईल म्हणत पळायची. पहिल्या महिन्यात काही नव्हतं. दुसऱ्यात डॉक्टर पडद्याजवळ सरकून बसल्या. ऑगस्टअखेरीला मीसुद्धा उठून उभी राहिले. सुनेच्या गालाला तकाकी आली होती, बारीक रेघा विरल्या होत्या, पण लोंबायचं ते लोंबतच होतं. सासूचा गाल वर गेला होता. फार नाही; तोंडाशेजारची खोल घडी उथळ झाली होती आणि जबड्याची कडा, जी मी इतकी वर्षं जेवताना बघत होते, ती पुन्हा कडा झाली होती. डॉक्टरांनी सासू ठेवून घेतली. सुनेचा विक्रेता यंत्र परत घेऊन गेला आणि येताना आणलेली खरबुजं तुम्हालाच राहू द्या म्हणाला.

"दुसराही गाल सासूनं करून देते," डॉक्टर मावशीला म्हणाल्या. "फोटो मग काढा."

"भिंतीकडच्या गालाला कशाला?" मावशी म्हणाली. "अदलाबदल झाली आपली. फिटलं."

शरदातल्या छुसकच्या सणाआधी तिनं फिक्या हिरव्या रंगाचा हानबोक, आमचा सणासुदीचा पोशाख, घालून हानकडे फोटो काढला. काहीही पुसायचं नाही अशी हानला तंबी होती. तयार झालेली चौकट घेऊन हान स्वतः खानावळीत आला. जेवणाची गर्दी ओसरली होती. डॉक्टर, मी आणि मावशी, तिघीच होतो. मावशीनं एक टेबल पुसून स्वच्छ केलं. रेशमी कापडातून चांगबेला काढलं, डावीकडे ठेवलं. उजवीकडे स्वतःला ठेवलं. मग चार पावलं मागे आली.

फोटो फार सुंदर होता. अगदी तीच होती, कुणीही ओळखावी अशी. पण चांगबेच्या बाजूला जो गाल होता तो लोंबत होता. ताणलेला, कडा आलेला गाल पलीकडे, भिंतीकडे होता.

"हे असं कसं?" डॉक्टर म्हणाल्या.

मला आठवला तो मोठा आरसा. आरशात डावा गाल डावीकडेच दिसतो. फोटोत तो उजवीकडे जातो. दिवसभर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो लावत बसणाऱ्या आम्ही, आणि त्या दिवशी सगळ्याजणी आरशात बघून गाल ठरवून मोकळ्या झालो. क्लिनिकच्या फोटोंखाली 'डावा', 'उजवा' लिहिलेलं असतं. 'नवऱ्याकडचा' असं कुठे कोण लिहितं?

"अहो, एवढंच ना," हान म्हणाला. "कंप्युटरवर उलटा करतो. एका मिनिटाचं काम."

"आणि हानबोकचा छातीवरचा पदर?" मावशीनं विचारलं. "तो उलट्या बाजूला जाईल. उलट्या पदराची बाई त्याच्या शेजारी उभी करतोस?"

आमच्याकडे पदराची बाजू बदलत नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावर तर नाहीच.

"मावशी, चूक माझी," डॉक्टर म्हणाल्या. "उद्याच या. दुसराही गाल करते. नवीन वर्षापर्यंत दोन्ही सारखे होतील, मग हान नवा फोटो काढेल."

"मी काय लगेच मरत नाही," मावशी म्हणाली.

मला हायसं वाटलं. तिनं खुर्ची ओढली आणि दोन्ही चौकटींसमोर बसली. खूप वेळ बसली. सारावर झाकण थडथडत होतं, तिकडेही तिचं लक्ष गेलं नाही. आधी तिनं पलीकडचा ताणलेला गाल बघितला, मग अलीकडचा. बोटानं काचेवरून त्या घडीची रेघ वरून खाली ओढली.

"राहू दे," ती म्हणाली.

"अहो पण एवढं सोसलंत," मी म्हटलं. "कशासाठी सोसलंत मग?"

"त्याच्या बाजूला हाच असू दे. इतकी वर्षं काय केलंस असं विचारेल तो. विचारणारच, भारी चौकस होता. एकदा बोलून झालंय माझं तिकडे वर, तुमच्या पलंगावर. पुन्हा बोलायला नको. याच्याकडे बघितलं की कळेल त्याला." मग तिनं पलीकडच्या गालाकडे बोट केलं. "आणि हा सोयुलला. ती लबाड समोरून बघणार, तिला दोन्ही दिसतील. पुन्हा विचारू दे, मुलगा का म्हणून. सांगेन, मुलगा नव्हे गं, नवरा. घाईत होता, पुढे गेला."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिल्या. ज्या गालावर आम्ही काही करू शकलो नव्हतो, तोच तिनं त्याच्यासाठी निवडला होता, आणि त्याहून योग्य गाल मला वीस वर्षांत दिसला नव्हता.

मावशी उठली. चांगबेची चौकट तिनं स्वतःच्या चौकटीला जरा जवळ सरकवली, कडेला कडा लागेपर्यंत. वर उचललेल्या कॉलरवर काचेवरूनच अंगठा दाबला. मग वाकून, अगदी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, डॉक्टर मिन विचारतात तसं तिनं हळू आवाजात विचारलं.

"मी सांगितलं रे. आता तू सांग. दहापैकी किती?"